शहरचा कचरा आणि गांवखारीचें शेत

गेल्या महिन्यांत आपल्या संघाच्या बैठकीपुढें एक विषय आला. जवळच्या नगरपरिषदेच्या डेपोंत तयार होणारें कंपोस्ट खत संघाच्या सभासदांनीं घ्यावें, अशी ती सूचना होती. बैठकींत दोन तट पडले. एक म्हणे, शेणखताची ट्रॉली पैसे देऊनही मिळेनाशी झाली आहे, तेव्हां दारीं चालून आलेलें खत कां नाकारावें? दुसरा म्हणे, शहराची घाण आम्हीं आमच्या वावरांत कां ओतून घ्यावी? अखेर तिघांची एक समिती नेमली गेली व तींत माझें नांव घालण्यांत आलें. महसूल खात्यांत सारा जन्म कारकुनी केलेल्या माणसास ‘चौकशी करून अहवाल द्यावा’ हे शब्द ऐकले कीं हुरूप येतो, त्यामुळें मीं नाहीं म्हटलें नाहीं. अहवाल यथावकाश संघापुढें जाईलच. परंतु त्यांत जें मावणार नाहीं तें सर्व वाचकांपुढें ठेवावें, म्हणून हा लेख.

प्रथम एक गोष्ट कबूल करतों. ह्या विषयांत मी कोरा नाहीं, एकदां पोळलेला आहें. नोकरींत असतांना, कांहीं वर्षांपूर्वीं, एका गांवच्या डेपोंतून चार ट्रॉल्या खत मीं आमच्या वडिलोपार्जित शेतांत आणून टाकलें. गांवाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. रंग काळा, भाव स्वस्त. पाहून मन प्रसन्न झालें. मृगाचा पाऊस पडला, वरची माती धुतली गेली आणि त्या काळ्या खताचें खरें रूप उघडें पडलें. बाटल्यांच्या काचा, सलाईनच्या नळ्या, दाढीचीं पातीं आणि प्लॅस्टिकच्या असंख्य पिशव्या! वखराच्या पासेंत पिशव्यांच्या चिंध्या गुंतून घडोघडीं औत थांबवावें लागे. एका बैलाच्या खुरांत काच शिरली, तो पंधरा दिवस बसून राहिला. निंदणास आलेल्या एका बाईचा तळपाय कापला व टांके घालावे लागले. तिच्या औषधाचा खर्च मीं दिला. परंतु पुढें दोन वर्षें त्या वावरांत येण्यास बाया कां-कूं करीत, आणि त्यांचें कांहीं चुकत होतें असें मला म्हणवत नाहीं. स्वस्त खत मला किती महाग पडलें, याचा हिशोब वाचकांनींच करावा.

असें असूनही मी आज त्या खताच्या बाजूनें लिहिणार आहें, परंतु एका अटीवर. ती अट कोणती व कां, हें समजण्यास थोडें मागें जावें लागेल.

जुन्या जमाबंदीचे कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस ठाऊक असेल कीं, मुंबई पद्धतीच्या मोजणींत जमिनीची प्रत लावतांना नुसता मातीचा रंग व खोली पाहत नसत. गांवठाणापासून शेत किती दूर आहे, हेंही विचारांत घेत. कारण उघड होतें. गांवचा केर, राख, शेण, उकिरड्याचा गाळ हें सर्व बंडीनें जेथवर सहज नेतां येई, तेथवरचीच जमीन त्यानें पोसली जाई. अशा शेतास आपण गांवखारीचें शेत म्हणतों. मध्यप्रांताच्या जमाबंदींत तर ‘खारी’ म्हणून जमिनीच्या स्थितीचा एक निराळा वर्गच होता. एकाचें टाकाऊ तें दुसऱ्याचा कच्चा माल व्हावें, याला आजचे विद्वान चक्राकार अर्थव्यवस्था असें भारदस्त नांव देतात. आमच्या खात्यानें त्या चक्रावर शंभर वर्षांपूर्वींच सारा बसविला होता!

परंतु जुन्या व्यवस्थेचे गोडवे गातांना एक गोष्ट झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या मैल्याचें सोनखत मुठा कालव्यावरील उंसाला घालूं लागले. आरंभीं नाक मुरडणारे बागाईतदार पुढें त्यासाठीं पैसे मोजूं लागले. उंसाला पैसा आला. पण मैल्याची पाटी ज्यांच्या डोक्यावर जातीनें ठेवली होती, त्यांच्या डोक्यावर ती तशीच राहिली. हातानें मैला उचलण्यास माणसें लावूं नयेत, असा कायदा १९९३ सालीं झाला व २०१३ सालीं दुसरा, अधिक कडक कायदा करावा लागला, यावरून ही खोड किती चिवट आहे तें दिसतें. तेव्हां नवी व्यवस्था करतांना खत शेताला आणि अपमान कचरा वेंचणाऱ्याला, अशी वांटणी पुन्हां होतां कामा नये.

आतां शास्त्राकडे वळूं. तें मुळींच नवें नाहीं. इंदूर येथें १९२४ सालीं स्थापन झालेल्या वनस्पति-उद्योग संस्थेंत, म्हणजे आपल्यासारख्याच काळ्या कपाशीच्या जमिनीवर, आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं कंपोस्टाची इंदूर पद्धत बसविली व १९३१ सालीं ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. पऱ्हाट्या व तुराट्या शेताच्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखालीं चिरडून घ्यावयाच्या, मग जनावरांखालीं अंथरावयाच्या, पुढें शेण, मूत्रानें भिजलेली माती व राख यांच्याबरोबर थर रचून पाणी द्यावयाचें व तीन वेळां ढीग पालटावयाचा. सुमारें तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत खत तयार होई. पुढें जॅक्सन व वाड यांनीं हीच रीत वस्तीच्या कचऱ्यास व मैल्यास लावून १९३४ सालीं त्याची माहिती छापली. १९३९ सालीं बंगलोर येथें डॉ. आचार्य यांनीं शहरांकरितां दुसरी रीत काढली; तींत कचऱ्याचे व मैल्याचे थर चरांत घालून वरून मातीनें लिंपून टाकीत. पालटण्याची मजुरी वांचे, मात्र वेळ अधिक लागे.

ह्या थोर माणसांना एक सोय होती, ती आपणांस नाहीं. त्यांच्या काळचा कचरा म्हणजे राख, पालापाचोळा, सालपटें, चिंध्या. आजच्या पाटींत त्याबरोबर दुधाची पिशवी असते, फुटलेला दिवा असतो, घड्याळाचा सेल, रंगाचा डबा, औषधाच्या पट्ट्या आणि लहान मुलांचे लंगोट असतात. यांतलें प्लॅस्टिक व काच चाळणीनें निघते. वेळ लागतो, पण निघते. सेलांतला व रंगांतला विषारी धातु मात्र चाळणीच्या भोकांतून खतांतच उतरतो. ओल्या कचऱ्याबरोबर दोन दिवस एका डब्यांत राहिला कीं तो भिजतो, पाझरतो व भाजीच्या देठांस चिकटतो. रासायनिक खत (नियंत्रण) आदेश, १९८५ यांत शहरी कंपोस्टाकरितां जीं मानें घातलीं आहेत त्यांत एक किलो खतांत शिसें १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ मिलिग्रॅम व पारा ०.१५ मिलिग्रॅम यांहून अधिक नसावा असें आहे. पाऱ्याचा आंकडा किती लहान आहे तो पाहा. एकदां हीं द्रव्यें जमिनींत मुरलीं म्हणजे तीं कुजत नाहींत, उडून जात नाहींत. नातवाच्या सातबारावर तीं न लिहिलेला बोजा म्हणून राहतात. म्हणून कचरा वेगळा करावयाचा तो डेपोंत नव्हे, चुलीजवळ. एकदां मिसळलेला कचरा कोणत्याही यंत्रानें पूर्ववत् वेगळा होत नाहीं, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे बाकीचें आपोआप समजतें.

सरकारलाही हें समजलें आहे. २०१६ च्या नियमांनीं प्रत्येक घरानें ओला, सुका व घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग वेगळे द्यावेत असें ठरविलें. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें शहरी कंपोस्टाच्या विक्रीस टनामागें १५०० रुपये साहाय्य जाहीर केलें, आणि २०१७ सालीं महाराष्ट्र शासनानें ‘हरित महासिटी कंपोस्ट’ ही छाप काढली. इतकें असूनही शेतकऱ्यांची रांग डेपोपुढें लागली नाहीं. कां लागली नाहीं, तें मी कारकुनी पद्धतीनें मांडतों.

शहरी कंपोस्टांत नत्र शेंकडा ०.८ तरी असावें असें मान आहे. म्हणजे एक टन खतांत ८ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यांत नत्र शेंकडा ४६, म्हणजे सुमारें २०.७ किलो, आणि तें पोतें सवलतीच्या भावानें तीनशें रुपयांच्या आंत मिळतें. टनभर खत भरा, वाहा, उतरवा, पसरा आणि हातीं काय, तर अर्ध्या पोत्याहूनही कमी नत्र! नुसत्या नत्राच्या हिशोबानें शेतकरी फसणार नाहीं व त्यानें फसूं नये. कंपोस्ट घ्यावयाचें तें सेंद्रिय कर्बासाठीं. टनामागें तो निदान १२० किलो मिळतो, आणि युरियाच्या पोत्यांत शेतास उपयोगी पडेल असा तो मुळींच नसतो. काळी जमीन एप्रिलांत हात हात भेगाळते, जुलैंत चिखल होते. तिच्यांत कर्ब असला म्हणजे माती दाणेदार राहते, पाणी धरते आणि दिलेला युरियाही वाहून न जातां मुळांच्या हातीं लागतो. हा फायदा एका हंगामांत पोत्यांच्या गणतीनें दिसत नाहीं, तीन-चार वर्षांत दिसतो. ज्याची जमीन मक्त्यानें केलेली व दरसाल बदलणारी आहे त्यास त्यांत गोडी वाटत नाहीं, हें उघड आहे.

आतां दुसरा हिशोब. पन्नास हजार वस्तीचें गांव धरा. माणशीं रोज पाव किलो कचरा ढोबळ मानानें धरला तर साडेबारा टन होतो. त्यांत निम्मा ओला, म्हणजे सहा टनांच्या वर थोडा. कुजतांना पाणी उडतें, बराचसा कर्ब वायुरूपानें जातो. तिसरा हिस्सा हातीं लागला तरी रोज दोन टन, वर्षास सातशें टन खत झालें. एकरीं दोन टन घातलें तर साडेतीनशें एकर भिजले. तालुक्याच्या मानानें हें कांहींच नाहीं. परंतु शहराला लागून असलेल्या पांच-सहा गांवांच्या मानानें पाहिलें, तर दरसाल पाळीपाळीनें तेथील पुष्कळ शेतांना आधार होईल. शिवाय असलें जड आणि स्वस्त खत दूर नेऊं लागलों तर भाडेंच त्याला खाऊन टाकील. तेव्हां चक्र हें लहानच पाहिजे. राज्यभर पोतीं फिरविण्यापेक्षां प्रत्येक शहराची स्वतःची गांवखारी असावी, हा माझ्या चौकशीचा सार आहे. आपल्या जिल्ह्यांत अकरा नगरपरिषदा व दोन नगरपंचायती आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकीच्या वेशीला शेतें लागलेलीं आहेत.

हा मेळ जमला नाहीं म्हणजे काय होतें, तें पुण्याजवळच्या उरुळी देवाची व फुरसुंगी येथील शेतकऱ्यांस विचारावें. मोठ्या शहराचा न वेगळा केलेला कचरा वर्षानुवर्षें त्यांच्या शिवारांत उघड्यावर पडला. विहिरींचें पाणी बिघडलें, माशा व धूर घरांत शिरला, आणि लोकांनीं अनेकदां कचऱ्याच्या गाड्या अडवून धरल्या. त्यांच्याही वाट्यास शहराचा कचराच आला. फक्त खत होऊन नव्हे.

त्याच पुण्यांत दुसरें एक उदाहरण घडलें. १९९३ सालीं कचरा वेंचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि तिच्यांतून ‘स्वच्छ’ ही वेंचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघून तिनें २००८ सालीं महानगरपालिकेशीं करार केला. तीन हजारांहून अधिक सभासद, बहुतेक बाया, दारोदार जाऊन ओला व सुका कचरा वेगळा घेतात. घरटीं महिन्याची फी मिळते, आणि सुका माल निवडून विकण्याचा हक्क त्यांचाच राहतो. आपण सहकारी संघाचीं माणसें आहोंत, म्हणून ह्यांतली खुबी आपणांस चटकन समजावी. जिला सुक्या मालाचे पैसे मिळावयाचे, ती बाई ओला व सुका एकत्र होऊं देत नाहीं. पहाऱ्यावर शिपाई ठेवून जें साधणार नाहीं तें तिच्या वाट्यानें साधतें.

लहान गांवाला हें जमेल काय, असें विचारणाऱ्यांस सिंधुदुर्गांतील वेंगुर्ल्याकडे बोट दाखवितां येतें. सुमारें बारा हजार वस्तीचें तें गांव. तेथील नगरपरिषदेनें, रामदास कोकरे हे मुख्याधिकारी असतांना, कचरा घरींच वेगळा घेण्याचा आग्रह धरला. ओल्यापासून वायु व खत, प्लॅस्टिकचा उपयोग रस्त्याच्या डांबरांत, अशी व्यवस्था लावली आणि जेथें पूर्वीं नाक धरून जावें लागे त्या डेपोची बाग केली. वेंगुर्लें आपल्यापेक्षां श्रीमंत आहे असें नव्हे. आणि स्वच्छता हें आपल्या जिल्ह्याच्या हातचें काम नाहीं असें म्हणणाऱ्यानें शेगांवास संस्थानच्या आवारांत एकदां फिरून यावें. तेथें कोणता सेवेकरी काय करील हें ठरलेलें असतें, इतकेंच त्याचें रहस्य.

माझ्या स्वतःच्या आळींत गेल्या दिवाळीपासून अकरा घरांनीं हा प्रयोग चालविला आहे. नऊ घरें नीट चालतात, एक घर सणावाराला विसरतें आणि एक घर, जें माझ्या नात्यांतलें आहे, तें अजून सर्व एकाच पिशवींत बांधून देतें. आमच्याकडे भंगार घेण्यास येणारी बाई मला म्हणाली, “काका, पुठ्ठा ओला झाला का भंगारवाला निम्मा भाव कापते. तुम्ही कोरडा देता म्हणून तुमची गल्ली मी चुकवत नाही.” ओला भाग मागच्या मोकळ्या जागेंत दोन खड्ड्यांत जातो. पहिला खड्डा माघांत उपसला तेव्हां घाण वास आला, कारण नुसतीं सालपटें व शिळें अन्न घातलें होतें. हवा खेळत नव्हती. दुसऱ्यांत शेतांतून आणलेलें सोयाबीनचें कुटार व बारीक केलेली पऱ्हाटी मिसळली, आणि तो व्यवस्थित तापला.

येथें शेतकऱ्याच्या अंगावर येणारें काम आहे, म्हणून जरा थांबतों. स्वयंपाकघरचा कचरा ओला व नत्रयुक्त, तर पऱ्हाटी कोरडी व कर्बयुक्त. एकटी कुजत नाहीं तीं दोन्ही मिळून कुजतात. ढीग ५५-६० अंशांपर्यंत तापून कांहीं दिवस तसाच राहिला म्हणजे तणाचें बीं व रोगजंतु बहुतांशीं मरतात. आपण मात्र पऱ्हाट्या धुऱ्यावर रचून ठेवतों किंवा पेटवून देतों. रचून ठेवलेल्या पऱ्हाटींत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत बसते. २०१७ सालीं तिनें विदर्भांत केलेली दैना कोणी विसरला नसेल. त्याच पऱ्हाट्या यंत्रानें बारीक करून शहराच्या डेपोवर वेळेवर पोंचविल्या, तर अळीचा निवारा मोडतो आणि डेपोचा वास जातो. ट्रॉली जातांना पऱ्हाटी नेईल व येतांना खत आणील, म्हणजे रिकामी फेरी पडणार नाहीं. हा भाग समितींतील दुसऱ्या एका सभासदांनीं सुचविला. तो माझ्या डोक्यांत आला नव्हता.

खत घेतांना फसवणूक होऊं नये म्हणून दोन-तीन साध्या परीक्षा सांगतों. पक्क्या खताला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. मूठभर खत ओलें करून पिशवींत बांधून आठवडाभर ठेवावें. सोडतांना दुर्गंधि आली तर तें कच्चें आहे. कच्चें खत जमिनींत गेलें म्हणजे जंतु आपल्या पोषणासाठीं जमिनींतलेंच नत्र खातात व पीक पिवळें पडतें. अर्ध्या मातीच्या कुंडींत तें मिसळून ज्वारीचे वीस दाणे पेरावे व साध्या मातीच्या कुंडीशीं उगवण ताडून पाहावी. आणि चार मिलिमीटरची चाळणी घेऊन जावें. शेंकडा नव्वद भाग तींतून खालीं पडला पाहिजे. आणखी एक सावधगिरी. ठिकठिकाणीं जुने कचऱ्याचे डोंगर उपसून चाळण्याचें काम चालतें, त्याला बायोमायनिंग म्हणतात. त्यांतून निघणारी काळी माती दिसावयास खतासारखीच असते, परंतु ती पंचवीस-तीस वर्षांच्या मिसळलेल्या कचऱ्याची आहे. ती खड्डे भरण्यास जावो. वावरांत फुकटही घेऊं नये. माझ्या त्या चार ट्रॉल्या बहुधा असल्याच मातीच्या असाव्यात.

समितीनें नगरपरिषदेपुढें काय ठेवावें, तें आम्हीं आतां ठरविलें आहे. आरंभ भाजीबाजार, आठवडी बाजार व दोन वॉर्ड एवढ्यापुरताच करावा, कारण बाजाराचा कचरा मुळांतच कमी मिसळलेला असतो. त्या वॉर्डांतला सुका माल तेथें आज वेंचणाऱ्या बायांचाच राहावा, त्यांस हातमोजे व बसण्यास सावलीची जागा मिळावी, आणि देखरेख मंडळांत संघाचे दोन व त्यांच्यांतल्या दोघी असाव्यात. ह्या शेवटच्या कलमावर बैठकींत थोडी कुजबुज झाली. मीं एवढेंच विचारलें कीं, काच कोणत्या घरांतून येते हें तिच्याशिवाय कोणास ठाऊक आहे? त्यावर कोणी बोललें नाहीं. प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेंत तपासून दाखला द्यावा. ट्रॉली शेतावर उतरतांना चाळणी लावावी. काच सांपडल्यास ती ट्रॉली नगरपरिषदेच्या खर्चानें परत जावी. उलट, संघानेंही निश्चित टन उचलण्याची लेखी हमी द्यावी; नाहींतर पावसाळ्यांत डेपो भरून जाईल आणि दोष शहराचा ठरेल.

हमी कितीची द्यावी, यावर अजून एकमत नाहीं. कांहींजण पहिल्या वर्षीं वीस टनांच्या पुढें जाण्यास तयार नाहींत. मीं माझ्यापुरतें लिहून दिलें आहे कीं, पहिल्या दोन ट्रॉल्या त्याच जुन्या वावराच्या अर्ध्या भागांत उतरवाव्यात व उरलेला अर्धा तसाच ठेवावा, म्हणजे फरक सर्वांस पाहतां येईल. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं ट्रॉल्या यावयाच्या आहेत. ज्या सभासदांस यावयाचें असेल त्यांनीं आपली चाळणी बरोबर आणावी. माझ्याकडे एकच आहे.